टोन सांभाळ यार!

'फाडफाड इंग्लिश बोला!' ही जाहिरात पाहिली नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. लोकलच्या डब्यात, रिक्षाच्या पाठीवर, एसटी स्टँडच्या भिंतीवर, सगळीकडे आहे ती. गंमत आहे ती या 'फाडफाड'मध्ये. चांगलं इंग्लिश म्हणजे एका दमात, न अडखळता, सुसाट बोललेलं इंग्लिश, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यामुळे होतं काय, की मीटिंगमध्ये तोंड उघडलं की आपण टॉप गिअरला. व्होकॅब्युलरी आहे, ग्रामर आहे, स्पीड तर आहेच. तरी समोरच्याचा चेहरा कोरा.

माझी एक मैत्रीण पुण्यात एका आयटी कंपनीत आहे. सात वर्षांचा एक्स्पीरियन्स, शाळा इंग्लिश मीडियमची, ग्रामर तर माझ्यापेक्षा कितीतरी पक्कं. गेल्या अप्रेझलमध्ये तिला 'कम्युनिकेशन'च्या रकान्यात एकच शब्द मिळाला: 'अब्रप्ट'. म्हणजे तुटक. इंग्लंडमधल्या क्लायंटला म्हणे ती ऑर्डर सोडल्यासारखी वाटते. "अगं, मी प्रत्येक वाक्यात प्लीज म्हणते, अजून काय करू?" ती जाम वैतागली होती, आणि साहजिकच. याच एका रकान्यापायी तिचं ऑनसाइट जाणं लांबलं होतं.

मग तिनं तिच्याच एका कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं. 'कॅन यू सेंड मी द अपडेटेड शीट, प्लीज.' शब्द सगळे बरोबर, पण सूर 'प्लीज'वर धाडकन खाली. प्रश्नचिन्ह कुठेच नाही, पूर्णविराम मात्र ठसठशीत. कागदावर ती विनंती होती आणि कानाला हुकूम.

हे तिच्या एकटीचं दुखणं नाही. यावर एक फेमस केस आहे. जॉन गम्पर्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं 'डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज' या 1982 सालच्या पुस्तकात ती सांगितलीये. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाचं स्टाफ कँटीन. तिथे भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं कामाला लागल्या होत्या. लवकरच तक्रारी सुरू झाल्या, की या बायका उद्धट आहेत, कोऑपरेट करत नाहीत. आता कँटीनच्या काउंटरवर बोलणं होऊन होऊन किती होणार? कुणी मटणाची डिश घेतली की त्यावर ग्रेव्ही हवी का, एवढंच विचारायचं. ब्रिटिश बाई विचारायची 'ग्रेव्ही?', शेवट वर उचलून. आपल्या बायका म्हणायच्या 'ग्रेव्ही.', शेवट खाली. त्यांच्या मनात प्रश्नच होता. ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं, ही मला सांगतेय की हा पदार्थ ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घे. त्या बायकांनाही आपल्याशी लोक नीट वागत नाहीत हे जाणवत होतं, फक्त का ते कळत नव्हतं. दोन्ही प्रकारचं रेकॉर्डिंग ऐकवल्यावर कुठे उलगडा झाला. एक शब्द, त्याची शेपटी वर की खाली, आणि त्यावरून लोकांचे स्वभाव ठरत होते!

मला स्वतःला या सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो आपल्या भाषेचा भाग. मराठीत मान देण्याची सोय थेट व्याकरणातच आहे. 'पाठव', 'पाठवा', 'पाठवाल का', 'पाठवा ना'. क्रियापद बदललं की नातं बदललं. 'तू', 'तुम्ही', 'आपण' अशा तीन पायऱ्या आहेत. बॉसला 'तुम्ही पाठवाल का' हे कितीही सपाट आवाजात म्हटलं तरी त्यातला आदर काही कमी होत नाही, कारण तो शब्दातच शिवलेला आहे. इंग्लिशमध्ये मात्र बॉसही 'यू' आणि चहावालाही 'यू'. तिथे 'कुड यू', 'वुड यू' वगैरे शब्द आहेत, पण उरलेला बराचसा मऊपणा सुरातून आणावा लागतो. आपण शब्द उचलले, सूर राहिला तिकडेच.

दुसरी भानगड आपल्या लाडक्या 'च'ची. 'मीच सांगितलं त्याला', 'आजच पाहिजे', 'हाच प्रॉब्लेम आहे'. ज्या शब्दावर जोर हवा त्याला 'च' चिकटवा, झालं काम. इंग्लिशमध्ये 'च' नाही. मग आपण त्याच्या जागी 'ओन्ली' बसवतो. 'आय ओन्ली टोल्ड हिम.' 'टुडे ओन्ली आय नीड.' आपण सगळे यावर जोक मारतो, पण त्यामागचं लॉजिक कोणी सांगत नाही. इंग्लिश माणूस 'च'चं काम आवाजानं करतो. 'आय टोल्ड हिम' हे तीनच शब्द. 'आय' उंच आणि लांब म्हटला की 'मीच सांगितलं'. 'हिम'वर वजन टाकलं की 'त्यालाच सांगितलं, दुसऱ्या कोणाला नाही'. उलट 'आय ओन्ली टोल्ड हिम' ऐकून तो समजतो की मी फक्त सांगितलं, बाकी काही केलं नाही. म्हणजे तुम्ही श्रेय घ्यायला गेलात आणि कानांपर्यंत पोचली ती सारवासारव.

म्हणून माझा फंडा सोपा आहे. बोलायचं वाक्य आधी मनात मराठीत म्हणा आणि 'च' कुठे लागतो ते बघा. त्या शब्दावर उभे राहा, बाकीच्यांवरून घसरत जा. 'आय थॉट इट वॉज अ हॉलिडे' घ्या. जोर 'हॉलिडे'वर, तर अर्थ असा की मला सुट्टी वाटली होती, पण नाहीये. जोर 'थॉट'वर, तर मला वाटलंच होतं सुट्टी असणार, आणि आहे! एकात ऑफिसला जायचंय, दुसऱ्यात परत झोपायचंय.

हे 'घसरणं' आपल्याला सगळ्यात जड जातं. मराठीत आपण बहुतेक प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो, कोणावर अन्याय नाही. इंग्लिशचा कारभार वेगळा. तिथे दोन-तीन शब्द राजे, बाकीचे हमाल, आणि हमालांचे स्वर पार चेपून टाकलेले. 'वी कॅन डिलिव्हर बाय फ्रायडे' यातला 'कॅन' अमेरिकन माणूस जेमतेम 'क्न' एवढाच म्हणतो. 'कॅन'ट' मात्र तो पूर्ण, ठासून म्हणतो, पण शेवटचा 'ट' गिळून. आता आपण आत्मविश्वासानं, छातीठोक, 'वी कॅऽन डिलिव्हर' असं म्हणालो, तर त्याच्या कानाला काय ऐकू येणार? नेमकं उलटं! शुक्रवारच्या डेडलाइनचा घोळ बऱ्याचदा इथून सुरू होतो. उपाय तोच, 'कॅन' दाबा आणि 'डिलिव्हर' उचला.

शब्दांच्या आतही हेच चालतं. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर, 'फोटॉग्राफर'मध्ये तो 'टॉ'वर सरकतो आणि 'फोटोग्रॅफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमधल्या आर. के. बन्सल यांनी 1969 सालीच भारतीय इंग्लिश परदेशी कानांना कितपत कळतं याचा अभ्यास छापला होता. न कळण्यामागे शब्दांतला चुकीच्या जागी पडलेला जोर हे एक मोठं कारण निघालं. पन्नासहून जास्त वर्षं झाली. आपल्या शाळांमध्ये अजूनही स्पेलिंग पाठ करून घेतात, जोर कुठे द्यायचा ते मात्र कोणी सांगत नाही.

बोलण्याइतकाच ऐकण्याचाही प्रश्न आहे. ब्रिटिश क्लायंट म्हणतो, 'द डिझाइन इज क्वाइट गुऽड', शेवटी सूर आधी खाली आणि मग जरासा वर. आपल्या टीमनं 'गुड' ऐकलं, टाळ्या पिटल्या, पिझ्झा मागवला. दुसऱ्या दिवशी चौदा करेक्शन्सची मेल! तो खाली जाऊन वर आलेला सूर म्हणजे न बोललेलं 'पण' असतं. खरं तर हे आपल्याला चांगलं कळायला हवं. भाजीचा पहिला घास घेऊन "बरी झालीये हंऽऽ" म्हणणाऱ्या सासूबाई आठवा. तिथे पिझ्झा मागवता का?

इथे एक गोष्ट क्लिअर करते. मी अॅक्सेंट बदलायला सांगत नाहीये. 2000 च्या सुमारास कॉल सेंटर्सचा बूम आला तेव्हा 'अॅक्सेंट न्यूट्रलायझेशन'च्या नावाखाली आपल्या पोरापोरींना काय काय करायला लावलं ते आठवलं की मला आजही कसंतरी होतं. खोटं नाव, खोटा 'र', दिवसभर खोटं हसू. जीभ वळवून 'वॉटर'चं 'वॉडर' केल्यानं तुमचं म्हणणं कोणाला जास्त कळत नाही, फक्त मित्र हसतात. सूर ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी आपल्याकडे झकास शब्द आहे, हेल. मालवणी हेल, नागपुरी हेल, कोल्हापुरी हेल. कोल्हापूरचा माणूस दोन वाक्यं बोलला की गाव कळतं, आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. तसाच इंग्लिशलाही एक हेल आहे. आपला 'ट' आणि 'ड' अस्सल मराठी राहू दे, हेल तेवढा त्या भाषेचा घ्या. आणि हो, चेन्नईच्या ऑफिसशी बोलताना याची फारशी गरज नाही. आपण एकमेकांचं इंग्लिश व्यवस्थित ओळखतो.

प्रॅक्टिस कशी करायची? मास कॉमला असताना रेडिओच्या प्रॅक्टिकलला आम्हाला स्क्रिप्टवर खुणा करायला लावायचे. थांबायचं तिथे तिरकी रेघ, जोर द्यायचा त्या शब्दाखाली आडवी. तेव्हा बालिश वाटायचं. आज कुठलंही प्रेझेंटेशन असलं की मी स्लाइडच्या प्रिंटवर त्याच रेघा मारते. एका तुकड्यात आडवी रेघ शक्यतो एकच. सगळेच शब्द अंडरलाइन केले तर कोणताच उठून दिसत नाही. रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकलीये ना? रेकॉर्ड केलेले तुकडे जोडलेले असतात, आकड्याचा सूर वेगळा, गावाचा वेगळा. शब्द सगळे कळतात, पण माणूस बोलतोय असं वाटत नाही. खुणा न करता वाचलेली स्लाइड तशीच ऐकू येते.

फोन नंबर सांगणं ही तर आयती कसरत आहे. दहा आकडे पाच-पाचमध्ये तोडा. पहिल्या पाचांचा शेवट अधांतरी ठेवा, दुसऱ्या पाचांचा खाली आणा. समोरच्याला न सांगता कळतं की कुठे थांबायचंय आणि कुठे संपलं. हे जमलं की 'वी हॅव थ्री इश्यूज' म्हणून यादी सांगणंही जमतं. पहिले दोन वर, तिसरा खाली. नाहीतर दुसऱ्यालाच सूर पडतो आणि कोणीतरी मध्येच बोलायला सुरुवात करतं. मग आपण म्हणणार, मला कोणी बोलूच देत नाही!

माझ्या मैत्रिणीनं क्लास लावला नाही. ती एखाद्या इंटरव्ह्यूची दोन मिनिटं निवडते, बोलणाऱ्याच्या पाठोपाठ अर्ध्या सेकंदानं तेच म्हणत जाते, स्वतःला फोनवर रेकॉर्ड करते आणि दोन्ही ऐकते. टेक्निकल डोक्याची असल्यामुळे तिनं 'प्रात' नावाचं सॉफ्टवेअरही डाउनलोड केलंय. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेलं, फुकट आहे, आणि आवाजाची उंची स्क्रीनवर रेघेसारखी दाखवतं. पहिल्या दिवशी तिची रेघ सरळ रस्ता होती, आता थोडा घाट दिसायला लागलाय, असं ती सांगते. 'प्लीज'चं टोक वर आलंय. पुढच्या अप्रेझलला अजून चार महिने आहेत.

पण तिची सगळ्यात भारी आयडिया शब्दांशिवायची आहे. वाक्य ऐकायचं आणि तोंड बंद ठेवून फक्त त्याची चाल गुणगुणायची, 'हं हंऽ हं हं हंऽऽ?' शब्द नसले की ग्रामरचं टेन्शन नाही, उच्चारांचं नाही, फक्त चढ-उतार राहतो. ती हे स्कूटरवर करते, सिग्नलला. पुण्यात हेल्मेट घालणारे मुळात कमी, त्यात आतून गुणगुणणारी एखादी असली तर कोण वळून बघतंय?