जुन्या गाडीची नवी काच

जुनी वस्तू जपणे चांगले. पण जपण्यालाही विवेक हवा. आमच्या रामाकोन्यावरून नागपूर–छिंदवाडा रस्ता जातो. ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून पुढच्या काचेवर बसला, की या विवेकाची परीक्षा होते.

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी घ्या. तिची अखेरची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली; उरल्या त्या बहुतेक हौशी लोकांच्या गाड्या. "काच मूळच्यासारखीच हवी," हा त्यांचा हट्ट मला पटत नाही. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना टफन्ड काच असे. ती फुटली की क्षणात जाळीदार होते आणि चालकाला पुढचे दिसेनासे होते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. तडा गेला तरी ती जागेवर राहते. जुन्या गाडीलाही तीच बसवावी.

जपायची असेल तर बसवण्याची कला जपा. आधी चौकटीचा गंज खरवडून रंग द्यावा, रबर नवे घ्यावे. ते काचेभोवती चढवून खाचेत दोरी घालायची, साबणाचे पाणी लावायचे. बाहेरून एकाने काच दाबायची, आतून दुसऱ्याने दोरी ओढायची, म्हणजे रबराची कड चौकटीवर चढते. नव्या गाड्यांची काच चिकटवतात. त्यामुळे दोरी ओढणारे हात कमी होत चालले आहेत.

मित्रहो, मोटारीच्या कामाची आवड असेल त्याने सुट्टीत एखाद्या जुन्या मिस्त्रीजवळ बसून ही विद्या शिकून घ्यावी. काच बाजारात मिळेल. तो हात मिळणार नाही.