आमचे विनोदी बोलपट वाळीत कुणी टाकले?

जुना बोलपट म्हटला की आमच्या मंडळींना दोनच प्रकार आठवतात: संतपट आणि रडपट. मास्टर विनायकांचा एखादा गाण्यांनी भरलेला विनोदी बोलपट सुचवावा, तर "सर, पोरांना काय कळणार?" हे उत्तर ठरलेले. मराठी शिकविण्यात हयात घालविलेला मुख्याध्यापक म्हणून माझे या उत्तराशी भांडण आहे.

हजिऱ्यात कारखान्यांमुळे स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुले शाळेत गुजराती-इंग्रजी आणि बाहेर हिंदी बोलतात. मराठी उरते आईच्या हाकेपुरती. पोवाड्याने त्यांची छाती फुगेल, पण बोलणे येणार नाही. ते येते टोमण्याने, थट्टेने, लटक्या रागाने. रडायला भाषा लागत नाही, हसायला लागते. आणि गाण्यातला शब्द तर घोकल्यावाचून पाठ होतो.

'ब्रह्मचारी' १९३८ चा. लेखणी आचार्य अत्र्यांची, संगीत दादा चांदेकरांचे. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या तरुणाची मीनाक्षीबाई त्यात पुरती भंबेरी उडवितात. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ब्रँडीची बाटली'त दामूअण्णा मालवणकरांचा निर्व्यसनी कारकून बाटलीसाठी वणवण फिरतो. गुजरातेत राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. त्या कारकुनाची पंचाईत इथल्या पोरांना समजावून सांगावी लागेल काय?

"हे सारे पुण्या-मुंबईचे, आपले नव्हे," हा दुसरा आक्षेप. साफ खोटा! हंस पिक्चर्स ही संस्था कोल्हापूरची. 'ब्रह्मचारी' तर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. नवयुगच्या 'लग्न पहावे करून' (१९४०) मधल्या चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी बडोद्यात पाली शिकवीत. म्हणजे मराठीच्या या लाडक्या विनोदवीराने गुजरातचे पाणी प्यायले आहे. दोन भाषांत नांदणाऱ्या आपल्यासारख्यांनीच त्याला परका म्हणावे?

आवाज खरखरतो, चाल संथ आहे, स्त्रियांवरचे काही विनोद आज खटकतात, हे मला मान्य. पण संथ चालीमुळेच अडखळणाऱ्या मुलाला वाक्य पकडता येते. आणि खटकले तर खटकू द्या! त्यावर घरात वाद होईल, निदान तो तरी मराठीतून होईल.

पालकहो, गणेशोत्सवातली एक रात्र या बोलपटांना द्या. ऑर्केस्ट्राला उरलेल्या नऊ आहेतच.