बुडबुड्यांना हसू नका

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आधी स्वतःशी, मग तुमच्याशी.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला तिसाव्या आठवड्यातच मुलगी झाली. वजन सव्वा किलो. काचेच्या पेटीत तो जीव, नाकाशी दोन आखूड नळ्या, डोक्यावर टोपी आणि शेजारी पाण्याची एक बाटली. बाटलीत बुडबुडे चाललेले, माशांच्या टाकीत असतात तसे! आमचे व्याही डॉक्टरांना म्हणाले, "पैशांकडे बघू नका. चांगलं मशीन लावा, व्हेंटिलेटरच लावा." आणि जन्मभर मुलांना 'दिखाव्याला भुलू नका' असं शिकवणारी मी, शेजारी उभी राहून मान डोलावत होते.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, ती स्वतः श्वास घेतेय. आपण फक्त तिला थकू द्यायचं नाही."

मी काही विज्ञान शिकवलं नाही, मराठी आणि इतिहास शिकवला. पण घरी येऊन वाचत बसले. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते ना? अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं तसंच होतं. फुप्फुसं उघडी ठेवणारा स्निग्ध पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो, त्यामुळे दर उच्छ्वासाला ती मिटू पाहतात आणि दर श्वासाला पहिलीच फुंकर! ती मिटू नयेत म्हणूनच बाळ कण्हतं. सीपॅप नावाचं हे साधन तेच काम करतं. नाकातून उबदार, दमट हवा सतत हलक्या दाबाने जाते. बाहेर येणाऱ्या नळीचं टोक पाण्यात 5 सेंटिमीटर बुडवलं की साधारण तेवढ्याच पाण्याचा दाब फुप्फुसांत राहतो. बस्स, एवढंच.

आता इतिहास, माझा विषय. ऑगस्ट 1963मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने 39 तासांत गेला. सत्ता होती, पैसा होता, बोस्टनचे नामांकित डॉक्टर होते, उपाय मात्र नव्हता. 1971 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी या सततच्या दाबाचा प्रयोग प्रसिद्ध केला. 20 बाळांपैकी 16 वाचली. 1987मध्ये अमेरिकेतल्या आठ केंद्रांची तुलना झाली. त्यात फुप्फुसांचा दीर्घ आजार सर्वांत कमी आढळला तो न्यूयॉर्कच्या कोलंबियात. तिथे डॉ. वुंग हेच बुडबुडे वापरत होते. आफ्रिकेतल्या मलावीत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात श्वासाचा त्रास असलेल्या बाळांपैकी नुसत्या ऑक्सिजनवरची 44 टक्के वाचली, बुडबुड्यांवरची 71 टक्के.

म्हणजे आम्ही ज्याला हसलो, ते गरिबांचं 'चालवून घेणं' नव्हतं. अशा बाळांना बहुधा हाच पहिला उपचार!

व्हेंटिलेटर शत्रू आहे असं मी म्हणत नाही. बाळ श्वास घ्यायचंच विसरलं, थकलं, तर तोच वाचवतो. पण घशातून नळी घालून यंत्राने श्वास ढकलायचा, तर नाजूक फुप्फुसांना इजा होऊ शकते. गरज नसताना तो मागणं ही माया नव्हे, मंडळी, तो आपला मोठेपणा.

आणि आता खरं भांडण. या बुडबुड्यांना रोषणाई लागत नाही, माणूस लागतं. नळी सरकली की दाब गेला. घट्ट बसली की नाकाच्या पडद्याला जखम. ऑक्सिजन जास्त झाला तर डोळ्यांना धोका. क्वचित फुप्फुसाबाहेर हवा साठते, तेही तत्काळ ओळखावं लागतं. भाचीच्या लेकीजवळची सिस्टर सारखी येऊन नाक बघायची, टोपी नीट करायची, बुडबुडे थांबले तर धावायची. रात्री ती एकटी आणि पेट्या आठ! मी मोजल्या.

आपल्याकडे यंत्र दान करायला रांग लागते, कारण यंत्रावर नाव कोरता येतं. सिस्टरच्या पगारावर कोणाचं नाव कोरणार? म्हणून माझी विनंतीवजा तक्रार अशी: उद्या तुमच्या गावच्या रुग्णालयात यंत्राची फीत कापली जाईल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी एकच विचारा, "पहाटे तीन वाजता याच्याजवळ कोण असणार?" उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. वर्गात मी तरी बसू देत नसे.

आमची चिमणी आता भिंतीला धरून चालते. परवा तिने साबणाचे बुडबुडे पाहिले आणि खदखदून हसली.

तिला हसू दे. तिचा हक्क आहे. आपला नाही.