उन्हावरचा वाद आणि उन्हातल्या बाया

खामगावात पारा ४४च्या वर गेला, की आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो. एक म्हणतो, हवामानबदल हे परदेशी थोतांड, आजोबांच्या काळीही असंच तापायचं. दुसरा आलेख टाकतो. तिसरा दुसऱ्याचा पक्ष काढतो, मग जात. मध्येच एखादी बाई बोलली, तर मुद्द्याला उत्तर नाहीच. ‘ताई, स्वयंपाक झाला का?’ एवढंच. हसून सोडून द्यावी अशी ही चेष्टा नाही. गप्प बसवायची जुनीच रीत आहे.

फेब्रुवारी २०२१ आठवा. शेतकरी आंदोलनाच्या ‘टूलकिट’वरून बंगळुरूच्या २२ वर्षांच्या दिशा रवीला अटक झाली. मुंबईच्या वकील निकिता जेकब आणि बीडचे शंतनू मुळूक यांच्यावर वॉरंट निघाली. पुरावा तुटपुंजा आहे असं म्हणत दिल्लीच्या न्यायालयाने २३ फेब्रुवारीला दिशाला जामीन दिला. तोवर समाजमाध्यमांवर हवामान बाजूलाच पडलं होतं. ती ख्रिस्ती असल्याची खोटी बातमी फिरत होती. (आणि असती, तर काय गुन्हा होता?)

माणसाच्या करणीने तापमान वाढतंय, यात मला शंका नाही. पण आलेख टाकणाऱ्यांच्या वादातही वेचणीला जाणारी बाई कुठे असते? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, स्त्रिया ३३ टक्के. म्हणजे वाद चालतो तिच्या पाठीमागे.

तिचं म्हणणं साधं आहे. ऐन वेचणीत पाऊस आला की कापूस भिजतो, वेचणी थांबते. मजुरी किलोवर, म्हणजे तेवढे दिवस चूल कशावर पेटवायची? अतिवृष्टीचा पंचनामा होतो तो पिकाचा. पैसे जातात सातबाऱ्यावर नाव असेल त्याच्या खात्यात. ते नाव बहुतेक वेळा पुरुषाचं. राबणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचा कागदच होत नाही. ग्रुपवर यावरून कधी कुणी भांडलेलं मी पाहिलं नाही.

मैत्रिणींनो, ग्रुप सोडा असं मी म्हणत नाही. पण आपल्या बचत गटांच्या बैठकीत एक वही ठेवू या: पावसाने, उन्हाने कुणाचे किती दिवस बुडाले, किती मजुरी गेली, तारखांसकट. या वहीने हवामानबदल सिद्ध होणार नाही. ते काम शास्त्रज्ञांनी केलंच आहे. पण तहसीलदारांपुढे ती ठेवून मजुरीची भरपाई मागता येईल. ग्रुपवरही तिचीच पानं टाकू. थोतांड म्हणणाऱ्यांनी आधी त्या तारखा खोडून दाखवाव्यात.