फोटो झूम करून बघा

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. जुलै २०१९, ताम्हिणी घाट, सकाळचे साडेआठ. समोर धुकं, धुक्याच्या पलीकडे धबधबा आणि अलीकडे रस्त्याकडेला तिरकी लावलेली माझी दीडशे सीसीची बाइक. फोटो मागच्या बाजूने काढलाय. मी टाकीवर हात ठेवून दरीकडे बघतोय. त्या दिवशी या फोटोला २१४ लाइक आले. 'कडक', 'भावा, नाद खुळा', 'पुढच्या वेळी आम्हाला पण सांग'.

आता तोच फोटो दोन बोटांनी मोठा करा आणि मागच्या टायरवर या. टायरच्या मधोमध नक्षी नाहीये. गॅरेजवाले ज्याला 'टकला टायर' म्हणतात, तो. २१४ जणांना तो दिसला नाही. मलाही दिसला नाही, आणि मी त्याच टायरवर मित्राला मागे बसवून पुण्याहून आलो होतो.

दोन तासांनी परत येताना मुळशीच्या अलीकडे एका ओल्या वळणावर मागचं चाक सुटलं. वेग चाळीसच्या आसपास असेल. मला कोपराला खरचटलं. मित्राचं कॉलरबोन मोडलं. पौडकडे निघालेल्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला पुढे टाकून नेलं. मित्र आजही डाव्या खांद्यावर सॅक फार वेळ अडकवू शकत नाही. अपघातानंतर गाडी गॅरेजला नेली तेव्हा तिथल्या मामांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे मला वाचून दाखवले. ०९१३. म्हणजे २०१३ सालच्या नवव्या आठवड्यात तयार झालेला टायर. गाडी मी सेकंडहँड घेतली होती. टायर पहिल्या मालकाचा होता आणि मी तीन वर्षांत एकदाही वाकून बघितलं नव्हतं. मामा फक्त एवढंच म्हणाले, "फोटो काढताना तरी खाली बसायचं होतंस."

हा लेख त्या वाक्यावरून आहे.

आपण राइडच्या गोष्टी कशा सांगतो ते आठवून बघा. किती वाजता निघालो, किती किलोमीटर झाले, कुठला घाट, कुठे चहा, कुठे मिसळ, टॉप स्पीड किती लागला. मग एक ओळ स्वातंत्र्याबद्दल, एक ओळ गाडीवरच्या प्रेमाबद्दल. वरंधा, आंबेनळी, माळशेज, आंबोली, सगळ्यांची गोष्ट एकाच साच्यातली. या गोष्टीत निघण्याआधी हवा तपासली, चेन पुसून तेल दिलं, ब्रेक ऑइलची पातळी बघितली, असं कोण लिहितं? माझ्या ओळखीत तरी कोणी नाही. जे करून गेले तेही लिहीत नाहीत, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटतं. मग नवीन पोरगं ती गोष्ट वाचतं आणि त्याला वाटतं, घाटात जायला टाकीभर पेट्रोल आणि रविवार पुरतो.

माझं म्हणणं असं, की ही गोष्ट अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळे धोकादायक आहे. गाडीवर प्रेम आहे म्हणता, तर ते प्रेम चेनवर दिसलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आम्ही गाडीबद्दल बोलतो की! हो, पण काय? एलईडी, क्रॅश गार्ड, मोबाइल होल्डर, टाकीवरचे स्टिकर, सिरॅमिक कोटिंग. ही खरेदी झाली, देखभाल नव्हे. आरसे काढून हँडल 'क्लीन' केलेली गाडी मी बघितली आहे, जिची चेन दोन बोटं लोंबत होती. मूळ सायलेन्सर काढून हजारोंचा फटफट्या बसवतात आणि पोलीस तो जप्त करून रोड रोलरखाली चिरडतात. त्याच पैशात चांगल्या टायरची जोडी आली असती. पण टायर काळाच असतो. नवा टायर आणि जुना टायर फोटोत सारखाच दिसतो.

हे असं का झालं, याला थोडा इतिहास आहे. आमच्या वडिलांच्या पिढीची चेतक डाव्या बाजूला कलंडवल्याशिवाय सुरू व्हायची नाही. डिकीत जास्तीचा प्लग, प्लग काढायचा पाना आणि घासायला पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. गाडी त्रास द्यायची, म्हणून माणसाला गाडी कळायची. मग १९८५ मध्ये सीडी १०० आली. तिची गाजलेली जाहिरात सांगायची, टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. बोलणं होतं मायलेजबद्दल. आपण मात्र 'विसरून जा' तेवढं घेतलं आणि ते पेट्रोलपुरतं ठेवलं नाही.

मी जुन्या गाड्यांच्या आठवणीत रडणारा माणूस नाही. त्या गाड्यांचे ब्रेक आजच्या मानाने भिकार होते. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. पण एबीएस काय करतं? ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही. रस्त्यावरची पकड ते तयार करत नाही, असलेली पकड वापरतं. पकड टायर देतो. टकल्या टायरवर ओल्या रस्त्यात एबीएस तरी काय वापरणार? नक्षीच्या खाचा पाणी बाहेर काढायला असतात. खाचा संपल्या की रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि आपण त्यावर बसून स्वातंत्र्याबद्दल लिहीत असतो.

चेनचंही तसंच. साधारण पाचशे किलोमीटरला ती पुसून तिला तेल द्यायचं असतं, पावसात भिजली तर त्याआधीच. पुण्याहून पणजीला पोचेपर्यंत ती वेळ जवळपास भरलेली असते. किती जण गोव्यात उतरल्यावर चेनला तेल देतात? चेन किती सैल असावी ते गाडीच्या पुस्तकात असतं, बऱ्याच गाड्यांवर स्विंगआर्मच्या स्टिकरवरही असतं. सैल चेन स्प्रॉकेटवरून उतरू शकते, आणि चालत्या गाडीत ती मागच्या चाकात अडकली तर चाक जागच्या जागी जाम होतं.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी उभी असली तरी. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळीने उतरताना तुम्ही सतत ब्रेक दाबून धरलात, की डिस्क तापते आणि उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. त्यातलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक लागत नाही. त्यासाठी उतारावर गिअर खालचा ठेवायचा, इंजिनाने गाडी धरायची. आपल्याकडे तर पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारेही आहेत, आणि ते हे अभिमानाने सांगतात.

आता तुमचे आक्षेप. ते मला माहीत आहेत, कारण २०१९ पर्यंत ते माझेच होते.

पहिला, सर्व्हिस सेंटरवाले बघतात की. बघतात, पण तीन-चार हजार किलोमीटरनंतर, काही गाड्यांचं तर त्याहूनही उशिरा. मधल्या काळात चेनची पाचशेची वेळ सहा-सात वेळा येऊन जाते. आणि हवा? ती दर आठवड्याला बघायची असते. डबल सीट जाणार असाल तर मागच्या टायरला जास्त लागते. हे करायला सर्व्हिस सेंटर तुमच्या घरी येत नाही.

दुसरा, अपघात वेगामुळे होतात, चेनमुळे नाही. बरोबर आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरची सुमारे ४४ टक्के. सर्वांत मोठं कारण अतिवेगच नोंदलंय. पण वेगात असलेली गाडी थांबते की नाही, हे ठरतं ब्रेक आणि टायरवर. आणि मी चाळीसला पडलो.

तिसरा, रस्ते खराब आहेत, खड्डे आहेत, त्याचं काय? त्याचं उत्तर सरकारने द्यायचं आहे आणि ते मागायलाच हवं. पण खड्डा माझ्या हातात नाही, टायरची हवा आहे. जे हातात आहे ते न करता जे नाही त्यावर बोलत राहणं सोयीचं असतं.

चौथा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही. हात काळे होतात. मला वाटतं, खरं कारण हेच आहे. ग्रीसने माखलेले हात हे गॅरेजमधल्या पोराचे हात, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. शाळा सोडून पाना धरलेल्या पोराला आपण 'ए छोटू' म्हणतो, त्याच्यासमोर गाडी लावतो आणि फोन बघत बसतो. घाटातला फोटो आपला, चेनचं काळं तेल त्याचं. आपल्याकडे हातांच्या कामाला कायम खालची जागा दिली गेली. आपण सिलिकॉनचे हातमोजे घालून तीच जागा जपतोय. मग देखभालीची गोष्ट सांगावीशी वाटेल कशी?

आणि 'रायडर' हा शब्द बघा. जेवण घरपोच आणणारं ॲपसुद्धा त्या मुलाला रायडरच म्हणतं. तो एका दिवसात शंभरावर किलोमीटर चालवतो, पावसात, डबे सांभाळत. गाडी बहुतेकदा त्याची स्वतःची, पेट्रोल आणि चेन-स्प्रॉकेटचा खर्चही त्याचाच. आमच्या गॅरेजमध्ये अशी मुलं येतात. गाडी कुठून आवाज करते, ब्रेक शू किती उरलेत, हे ती मामांना आधी सांगतात, कारण एक दिवस गाडी उभी राहिली तर एक दिवसाची कमाई गेली. त्यांच्यातही कोणाचा टायर टकला असतो. पण तो म्हणतो, "मामा, अजून एक महिना ढकला, हप्ता आहे." त्याचा टायर पैशाअभावी टकला आहे. माझा आळसामुळे होता. त्या महिन्यात मी नवीन जॅकेट घेतलं होतं. ते फोटोत दिसतं.

आपल्याला पुस्तकांचीही आवड आहे, म्हणून तिथलंही बोलू. रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' १९७४ साली आलं. बाइकवाल्यांच्या बोलण्यात त्यातलं 'झेन' येतं, 'मेंटेनन्स' येत नाही. त्या पुस्तकात निवेदकाचा एक मित्र आहे. गाडी महागडी, पण तिच्या आत डोकवायची त्याला इच्छा नाही. हँडल ढिलं झालं, तर निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा कापून फटीत बसवू. तांत्रिकदृष्ट्या उत्तम उपाय. मित्राला अपमान वाटतो, माझ्या गाडीला डब्याचा पत्रा? आपण सगळे तो मित्र आहोत आणि समजतो स्वतःला निवेदक.

चे गव्हेराचा टी-शर्ट घालून निघणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. १९५२ च्या त्या प्रसिद्ध प्रवासात त्याची आणि अल्बेर्तो ग्रानादोची नॉर्टन चिलीमध्ये कायमची बंद पडली. पुढचा बराचसा प्रवास पायी, ट्रकमधून आणि बोटीतून झाला. तारांनी बांधून, जोडून, ओढत नेलेल्या त्या गाडीची गोष्ट त्याने लपवली नाही. आपण मात्र पंक्चरसुद्धा लपवतो.

आता मी काय करतो ते सांगतो, उपदेश म्हणून नाही, हिशेब म्हणून. निघायच्या आदल्या रात्री पंधरा मिनिटं. दोन्ही टायरवरून हात फिरवायचा, खिळा, काच, चीर बघायची, खाचांमधल्या खुणेपर्यंत टायर झिजला असेल तर बेत रद्द. चेन फडक्याने पुसायची, तेल द्यायचं, सैल आहे का बघायचं. दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, मागचा दिवा लागतो ना बघायचा. क्लचच्या केबलचे धागे तुटलेत का बघायचं. सकाळी थंड टायरमध्ये हवा. ज्याला येत नाही त्याने गॅरेजमध्ये फोन खिशात ठेवून अर्धा तास उभं राहावं आणि विचारावं. मामांना विचारलेलं आवडतं. मला चेन ताणायला त्यांनी शिकवलं तेव्हा तीन वेळा चुकलो. चाक तिरकं बसलं. त्यांनी तीनही वेळा पाना माझ्याच हातात परत दिला.

आणि मागणी एकच आहे. पुढच्या राइडची गोष्ट सांगाल तेव्हा धबधब्याचा फोटो जरूर टाका. मी लाइक करीन. पण त्याआधी टायरचा एक फोटो टाका, जवळून, खाचा दिसतील असा, कडेचे चार आकडे वाचता येतील असा. कोणी हसेल, हसू दे. एखादा तरी तो बघून खाली वाकेल आणि स्वतःचा टायर तपासेल.

माझा जुना फोटो मी काढून टाकलेला नाही. खाली एक कमेंट वाढवली आहे, 'मागचा टायर बघा.' तिला आजवर तीन लाइक आले आहेत. त्यातला एक मित्राचा आहे.