पडदा ‘स्मार्ट’ झाला, पण त्याला वीज कुठून येणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘मॅटर’ या स्मार्ट होम मानकाची १.५ ही आवृत्ती जाहीर झाली. चर्चा झाली ती कॅमेऱ्यांची, कारण मॅटरमध्ये कॅमेरे पहिल्यांदाच आले. पण याच आवृत्तीत पडदे, ब्लाइंड्स, ऑनिंग, गेट आणि गॅरेजची दारं यांना ‘क्लोजर’ नावाच्या एकाच गटात आणलंय. पुण्यात किंवा नवी मुंबईत नवा फ्लॅट बुक करणाऱ्यांसाठी ही बातमी वाटते तेवढी लांबची नाही. ब्रोशरवर ‘स्मार्ट होम’ छापलं की त्यात लाइट-फॅनच्या जोडीला मोटरवर चालणारे पडदेही असू शकतात.

मॅटरने काय सुटतं ते आधी बघू. २०२२ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच पडदे त्यात आहेत. ‘४० टक्के उघड’ ही आज्ञा ठरलेल्या एकाच भाषेत जाते, त्यामुळे मोटर एका कंपनीची आणि फोनमधलं अ‍ॅप दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही आज्ञा घरातल्या घरात फिरते, तिला कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यावं लागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर कुणालाही न सांगता बंद झाले आणि ग्राहकांची अ‍ॅप्स निकामी झाली. (पुढे काही ग्राहकांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली!) फोन आपण तीन-चार वर्षांत बदलतो. पडद्याची मोटर मात्र दहा-पंधरा वर्षं खिडकीवर टिकावी अशी आपली अपेक्षा असते.

पण मॅटर फक्त भाषा ठरवतं. मोटर फिरायला वीज लागते, आणि ती कुठून येणार हे कुठलंच सॉफ्टवेअर अपडेट ठरवू शकत नाही. ते ठरतं भिंतीत पाइप टाकताना.

जुन्या घरात भिंत फोडायची नसेल तर सोपा मार्ग म्हणजे बॅटरी. ती किती दिवस जाईल? गणित अवघड नाही. दोन किलोचा रोलर ब्लाइंड दीड मीटर उचलायला साधारण ३० जूल ऊर्जा लागते. मोटर आणि गिअर मिळून फक्त २५ टक्के कार्यक्षम आहेत असं धरलं तर १२० जूल. १२ व्होल्ट, २००० एमएएच बॅटरीत ८६,४०० जूल असतात. म्हणजे ७२० वेळा पडदा वर जाईल. रोज एकदा उघडला तर जवळपास दोन वर्षं! मग कंपन्या सहा-आठ महिन्यांनी चार्ज करायला का सांगतात?

कारण पडदा दिवसातून मिनिटभर फिरतो, पण आज्ञा ऐकायला चोवीस तास जागा असतो. समजा त्यात वाय-फाय चिप आहे आणि ती नुसतं ऐकत बसायला सरासरी पाव वॅट खाते. तर तीच बॅटरी चार दिवसांत संपेल, पडदा एकदाही न हलता. म्हणूनच बॅटरीवरच्या पडद्यांत झिगबी किंवा थ्रेडसारखं कमी विजेचं रेडिओ असतं. ते बहुतेक वेळ झोपतं, ठरावीक वेळाने डोळा उघडून ‘माझ्यासाठी काही निरोप आहे का’ विचारतं आणि पुन्हा झोपतं. बटण दाबल्यावर पडदा क्षणभर उशिरा हलतो तो यामुळे. तो बिघाड नाही. मात्र थ्रेडसाठी घरात बॉर्डर राउटर लागतो, म्हणजे तशी सोय असलेला एखादा स्मार्ट स्पीकर किंवा हब. पडदा घेताना दुकानदार हे सांगेलच असं नाही.

बॅटरीची खरी परीक्षा आपल्याकडे उन्हाळ्यात होते. साधारण लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं मानतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेरच एवढं तापमान जातं. काच आणि पडद्याच्या मधली हवा त्याहूनही तापते, आणि बॅटरी नेमकी तिथेच असते. काचेला चिकटवायची सोलर पट्टी तर भर उन्हातच चार्ज करते. तिकडे राहत असाल तर बॅटरी काढून घरात चार्ज करता येते का, एवढं बघूनच घ्या.

दुसरा पर्याय थेट २३० व्होल्टची मोटर. ताकद भरपूर, चार्जिंगची कटकट नाही. पण इथे वायरमनला काम माहीत असावं लागतं. साध्या मोटरला चार वायर येतात: न्यूट्रल, अर्थ, वर जायची फेज आणि खाली यायची फेज. दोन्ही फेज एकाच वेळी दिल्या तर मोटर जळू शकते, म्हणून दोन साधे स्विच चालत नाहीत. एक दाबला की दुसरा अडणारा खास स्विच लागतो. हॉलच्या दोन खिडक्यांच्या मोटर एकाच स्विचवर थेट जोडणं हीसुद्धा चूकच. एका मोटरच्या कपॅसिटरमधून उलटी वीज दुसरीत जाते आणि कडेला थांबायचं गणित बिघडतं. आणि इन्व्हर्टरची लाइन सहसा दिवे-पंख्यांपुरती असते. लाइट गेली की पडदा आहे तिथेच.

ऑफिसच्या इमारतींत तिसरा मार्ग रुळतोय: कमी व्होल्टेज. २४ व्होल्ट डीसी, किंवा इंटरनेटच्या केबलमधूनच वीज देणारं पीओई. २०१८ च्या मानकाप्रमाणे ही केबल १०० मीटरपर्यंत ७१ वॅट पोहोचवू शकते. पडद्याला तेवढी लागतही नाही. वीज आणि आज्ञा एकाच वायरमधून जातात, बॅटरी नाही, आणि सर्व्हर रूममधला यूपीएस आपोआप पडद्यांनाही मिळतो. शेकडो खिडक्यांच्या बॅटऱ्या काढून चार्ज करत बसणं कुठल्याही मेंटेनन्स टीमला परवडणार नाही. घरासाठी मात्र हा पर्याय अजून महागच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. न्यू यॉर्क टाइम्सची २००७ ची इमारत याचं नेहमीचं उदाहरण. तिथले पडदे सूर्याच्या जागेनुसार स्वतः वर-खाली होतात. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या अभ्यासात वर्षाची वीज सुमारे २४ टक्के कमी लागल्याचं दिसलं. पण ती बचत पडदे, उजेडानुसार मंद होणारे दिवे आणि जमिनीखालून हवा देणारी व्यवस्था, या तिघांची मिळून आहे. नुसत्या पडद्याच्या नावावर हा आकडा कुणी खपवत असेल तर विश्वास ठेवू नका. काचेच्या आतला पडदा ऊन आत शिरल्यावर अडवतो. उष्णता खरी थांबते ती काचेच्या बाहेर, आणि बाहेर काही लावायला सोसायटी सहसा परवानगी देत नाही.

त्यामुळे फ्लॅटचं काम चालू असेल तर बिल्डरकडे अ‍ॅपचा डेमो मागण्याआधी इलेक्ट्रिकल ड्रॉइंग मागा. प्रत्येक खिडकीच्या वर, पेल्मेटच्या एका टोकाला पॉइंट दाखवलाय का? तो इन्व्हर्टरच्या लाइनवर येतो का? नसेल तर निदान रिकामा पाइप तरी तिथपर्यंत टाकून घ्या, एक २३० व्होल्टसाठी आणि एक वेगळा नेटवर्क केबलसाठी. मोटर पाच वर्षांनी घेतलीत तरी चालेल. प्लास्टर झाल्यावर मात्र तोच पाइप टाकायला भिंत फोडावी लागते, आणि तो खर्च बिल्डरचा नसतो.