परभणीत बत्तीस, बीडमध्ये बाराशे

परभणी आणि बीड हे मराठवाड्यातील दोन जिल्हे एकमेकांना खेटून आहेत. एकच गोदावरी दोहोंच्या शिवारांना लागून वाहते. दोन्ही १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवटीतून मुक्त झाले. कोरडवाहू शेती, दुष्काळ आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघणारी बिऱ्हाडे हे दोहोंचे समान प्राक्तन आहे. परंतु २०२४ च्या डिसेंबरात सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार बीड जिल्ह्यात शस्त्रपरवाने १,२२२ आणि परभणीत अवघे ३२. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या सुमारे २५.८५ लाख, तर परभणीची १८.३६ लाख होती. म्हणजे माणसे दीडपटही नाहीत, परवाने मात्र अडतीसपट! आकडे थोडे इकडेतिकडे धरले तरी एवढी तफावत योगायोगाने पडत नाही.

हिंसाचाराचा विषय निघाला की सुशिक्षितांकडून दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. मागास भाग, अडाणी माणसे, हे पहिले. ते उद्दामपणाचे आहे. दुसरे आपल्या पुरोगामी वर्तुळातही सवयीने दिले जाते : दारिद्र्य वाढले की गुन्हेगारी वाढते. हे उत्तर सद्हेतूचे असले तरी अपुरे आहे. दारिद्र्य हेच कारण असते तर या दोन जिल्ह्यांत शस्त्रेही जवळपास सारखीच दिसली असती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडायला गेली. त्यांनी बंदूक मागितली नाही, काम मागितले. आणि त्या मागणीच्या रेट्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. भुकेल्याला पिस्तूल परवडतही नाही. परवान्यावरील रिव्हॉल्व्हरला लाखाच्या आसपास रुपये मोजावे लागतात; नवराबायकोच्या एका कोयत्याला साऱ्या हंगामाची म्हणून मिळणारी उचलही बहुधा त्याहून अधिक नसते.

मग बंदूक घेतो कोण? अर्थशास्त्रात 'खंड' नावाची संकल्पना आहे. उत्पादनात काडीचीही भर न घालता, केवळ मोक्याच्या जागेवर ताबा आहे म्हणून मिळणारे उत्पन्न म्हणजे खंड. ही व्याख्या मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. तिचा खरा अर्थ गोदावरीच्या पात्रात पाहावा. २०२३ साली राज्य सरकारने ग्राहकाला ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले. बाजारातील भाव त्याच्या कित्येक पटींनी चढा राहिला, आणि २०२५ मध्ये ते धोरण गुंडाळून पुन्हा लिलावाकडे वळावे लागले. या दोन भावांमधील अंतर वाळू उपसणाऱ्या मजुराच्या हाती पडले नाही, सरकारी तिजोरीतही गेले नाही. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राची राख असो, पवनचक्क्यांच्या जमिनी आणि कंत्राटे असोत, तेथील लाभाचे स्वरूप याच जातीचे आहे. अशा मिळकतीवरचा ताबा कोणत्याही दस्ताने सिद्ध होत नाही, न्यायालयात त्यासाठी दाद मागता येत नाही. तो टिकवायचा तर धाक लागतो. या व्यवसायाचा सातबारा म्हणजे कमरेचे पिस्तूल!

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून करण्यात आला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, असे तपासयंत्रणेचे आरोपपत्र सांगते. निकाल न्यायालय देईल. देशमुख गोळीने नव्हे, अमानुष मारहाणीने गेले, हेही लक्षात घ्यावे. बंदुकीचे मुख्य काम गोळी झाडणे नसतेच. आपल्यामागे कोण उभे आहे, हे गावाला दाखविणे हे तिचे काम. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना पोलिसांच्या अहवालावरून जिल्हाधिकारी देतात. तेव्हा प्रत्येक परवान्यावर शासनाची सही असते. मस्साजोगनंतर बीडमध्ये शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. जे एका खुनानंतर रद्द करता आले, ते मुळात दिले कोणत्या निकषावर, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोकदार होतो.

परभणीकरांनी मात्र बत्तीसच्या आकड्यावर समाधान मानू नये. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला तेव्हा मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातही, दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्याला बंदुका लागल्या नाहीत. काडेपेटी आणि कुऱ्हाड पुरली. जमिनीवरची आणि गावगाड्यावरची मक्तेदारी सुटण्याचे भय त्यामागे होते. आणि मस्साजोगच्या त्याच आठवड्यात, १० डिसेंबर २०२४ रोजी, परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली; दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदविण्यासाठी २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. कायद्याचा दंडुका दुर्बलावर जोरात पडतो आणि धनदांडग्यापुढे म्यान होतो, असा अनुभव ज्या समाजाला येतो, तेथे साधा माणूस न्यायासाठी ठाण्याची पायरी चढत नाही. तो एखाद्या 'भाऊ'च्या दारात उभा राहतो. त्या भाऊच्या कमरेला काय आहे, हे मग कोणी विचारीत नाही.

सोनपेठ आणि गंगाखेड हे आपले तालुके परळीच्या सीमेला भिडलेले आहेत, आणि गोदावरीची वाळू जिल्ह्याची हद्द ओळखत नाही. जेथे खंड जाईल तेथे त्याचा रखवालदारही जाईल. म्हणून कार्यकर्त्यांनी आताच तीन कामे हाती घ्यावीत. जिल्ह्यातील शस्त्रपरवाने कोणत्या कारणासाठी दिले गेले, याचा वार्षिक आढावा प्रसिद्ध व्हावा, अशी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करावी. वाळूघाटांचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जावा, यासाठी नदीकाठच्या गावांत ग्रामसभा भरवाव्यात. आणि मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या ऊसतोड्याला गावातच काम मिळेल, यासाठी रोजगार हमीची मागणीपत्रे गावोगाव भरून घ्यावीत. कारण बेकार तरुणाला टोळीच्या गाडीत जागा मिळते ती गावात काम मिळत नाही म्हणूनच.

पोलिसांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, बिनकष्टाची मिळकत शाबूत आहे तोवर एक पिस्तूल जप्त झाले तर त्याची जागा दुसरे घेईल. बत्तीस हा आकडा परभणीच्या सज्जनतेचे प्रशस्तिपत्र नाही. ती आपल्याला मिळालेली सवड आहे, आणि सवड संपण्याआधी कामाला लागणे आपल्या हाती आहे.